आवाजाला शेजारी लागतो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी आत्ता जिथे बसून बोलतो आहे, त्या खोलीच्या भिंतींना बारीक भोकांच्या फळ्या ठोकलेल्या आहेत. दार एकामागे एक असं दुहेरी आहे. समोर मोठी खिडकी आहे आणि तिलाही दोन काचा आहेत, मध्ये थोडी जागा मोकळी सोडून. पलीकडे ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ बसले आहेत. मघाशी ते माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. त्यांचे ओठ हलताना दिसले, हसू दिसलं, घड्याळाकडे नेलेलं बोट दिसलं. शब्द मात्र एकही ऐकू आला नाही. मग त्यांनी बटण दाबलं आणि माझ्या कानावरच्या हेडफोनमधून आवाज आला, "सर, घोटभर पाणी घ्या आणि सुरू करा."

माझा आजचा विषय एवढ्या प्रसंगातच आहे. त्यांचा चेहरा काचेतून सरळ माझ्यापर्यंत आला आणि आवाज काचेपाशी अडला. चेहरा घेऊन आला तो प्रकाश. प्रकाश ही लहर आहे. आवाज हीदेखील लहरच आहे. मग एकीला वाट मिळाली आणि दुसरीला नाही, असं का? कारण या दोन लहरींची जातच वेगळी आहे. विज्ञानाच्या पुस्तकात आवाजाच्या जातीच्या लहरींना यांत्रिक तरंग म्हणतात आणि प्रकाशाच्या जातीच्या लहरींना विद्युतचुंबकीय तरंग. नावं जड आहेत. गोष्ट तेवढी अवघड नाही.

तुम्ही म्हणाल, हे कवी महाशय विज्ञानाच्या वाटेला कसे गेले? मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी विषय घेऊन. लहर हा शब्द मी आयुष्यभर कवितेत वापरला. आम्हा कवींना तो सोयीचा. लाट, लहर, तरंग सगळं एकच. आमच्या घरातल्या बोलीत आणखी एक शब्द, मौज. मुळात मौज म्हणजे लाटच. मराठीत येऊन ती मजा झाली. तर अशी शब्दांची मौज करत असताना मागे एका भाषणात मी बोलून गेलो, "माझा आवाज बालाघाटच्या डोंगरांवरून तरंगत तुमच्या ओसरीत येतो आहे." वाक्य मला आवडलं होतं. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. पाठवणारे विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. मजकूर थोडका होता. भाषण आवडले, परंतु आपला आवाज डोंगरावरून येत नाही, तो स्टुडिओतच विरतो. डोंगरावरून येते ती निराळीच वस्तू. समजून घ्यावे.

'समजून घ्यावे' हे शब्द मला लागले. मी पत्ता शोधत त्यांच्या घरी गेलो. पुढे जे सांगतो आहे ते बरंचसं त्या सरांच्या ओसरीवर शिकलेलं आहे.

सरांनी विचारलं, "एसटीच्या दारापाशी रांग कधी पाहिली का?" मी म्हटलं, आयुष्य तिथंच गेलं. ते म्हणाले, "मागून कोणी धक्का दिला की काय होतं? शेवटचा माणूस पुढच्यावर कलतो, तो त्याच्या पुढच्यावर. धक्का दारापर्यंत पोचतो. माणसं मात्र आपापल्या जागीच असतात. धक्का गेला, माणूस गेला नाही. याला लहर म्हणायचं."

तळ्यात खडा टाकल्यावर हेच होतं. कडेपर्यंत वर्तुळं जातात आणि आपल्याला वाटतं पाणी चाललं. पण पाण्यावर एखादं पान असेल तर ते जागच्या जागी वरखाली होतं, कडेला येत नाही. पाणी प्रवास करत नाही, हालचाल प्रवास करते.

आवाज म्हणजे हवेतली अशीच रांग. मी बोलतो तेव्हा माझ्या गळ्यातल्या स्वरतंतूंचा थरथराट जवळच्या हवेला धक्का देतो. ती हवा शेजारच्या हवेला, ती पुढच्या हवेला. माझ्या तोंडातली हवा तुमच्या कानात येत नाही. येतो तो फक्त धक्का. आता या रांगेतली माणसंच काढून घेतली तर? धक्का द्यायला शेजारी उरणार नाही आणि लहर तिथंच संपेल. म्हणून मी माझ्यापुरती खूण करून ठेवली आहे: आवाजाला शेजारी लागतो. तो हवेचा असेल, पाण्याचा असेल, दगडाचा किंवा लोखंडाचा असेल, पण लागतोच.

हे तपासून पाहणारे लोक होते. इंग्लंडातल्या रॉबर्ट बॉइल यांनी काचेच्या पात्रात वाजणारी वस्तू ठेवून आतली हवा पंपाने काढली. हवा कमी होत गेली तसा आवाज क्षीण होत गेला. हे प्रयोग त्यांनी १६६० साली प्रसिद्ध केले. आजही शाळेत बरणीत विजेची घंटी ठेवून हा प्रयोग दाखवतात. हवा काढली की घंटीचा टोला हलताना दिसतो आणि ऐकू येत नाही. म्हणजे प्रकाश बरणीबाहेर येतो, आवाज येत नाही. स्टुडिओच्या काचेसारखंच.

शेजारी जितका ताठ, तितका धक्का लवकर पुढे जातो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. पाण्यात जवळजवळ दीड किलोमीटर. पोलादात पाच किलोमीटरहून अधिक. आमच्या लहानपणी लातूरला बार्शी लाईटची नॅरोगेज गाडी यायची. आम्ही पोरं रुळाला कान लावायचो. गाडी दिसायच्या, ऐकू यायच्या आधी रूळ बोलायचा. (मुलांनो, हे करू नका. आम्हाला त्यापायी मार मिळालेला आहे.) काड्यापेटीच्या दोन डब्या आणि मध्ये ताणलेला दोरा घेऊन फोन केला असेल तर तीही यांत्रिक लहरच. दोरा सैल पडला की फोन बंद.

आता दुसरी जात. सूर्य आपल्यापासून सुमारे पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. मधल्या वाटेत हवा नाही, पाणी नाही, जवळजवळ काहीच नाही. तरी सूर्याचा प्रकाश आठ मिनिटं वीस सेकंदांत आपल्या अंगणात येतो. शेजारीच नाही तर धक्का कोण देतं?

हा प्रश्न मोठमोठ्यांना पडला होता. लहर म्हटली की वाहणारं माध्यम हवंच, असं एकोणिसाव्या शतकात बहुतेकांना वाटे. म्हणून त्यांनी न दिसणारा, सगळीकडे भरून राहिलेला एक पदार्थ कल्पिला आणि त्याला ईथर म्हटलं. अमेरिकेत मायकेलसन आणि मॉर्ली या दोघांनी १८८७ साली फार काटेकोर प्रयोग केला. पृथ्वी ईथरमधून जात असेल तर प्रकाशाच्या वेगात दिशेनुसार फरक पडायला हवा. त्यांना अपेक्षित फरक मिळाला नाही. पुढच्या काळात ईथर विज्ञानातून निघून गेला.

मग प्रकाशात हलतं तरी काय? सरांनी दोन घरगुती उदाहरणं दिली. सायकलचा जुना डायनामो आठवा. आत चुंबक फिरतं आणि वीज निर्माण होते. म्हणजे चुंबकाचा प्रभाव बदलला की विजेचा प्रभाव उपजतो. आता दारावरची घंटी घ्या. बटण दाबलं की तारेतून वीज जाते, लोखंडाचं चुंबक होतं आणि टोला ओढला जातो. म्हणजे विजेमुळे चुंबकाचा प्रभाव उपजतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने यात एक पाऊल पुढे टाकलं. नुसता विजेचा प्रभाव बदलत राहिला, तरी त्यातून चुंबकीय प्रभाव उपजतो, असं त्याने मांडलं. मग बदलता विद्युत प्रभाव चुंबकीय प्रभावाला जन्म देईल, तो बदलता बदलता पुन्हा विद्युत प्रभावाला जन्म देईल. दोघे एकमेकांना उचलत पुढे जातील. त्यांना तिसऱ्या कोणाच्या खांद्याची गरज नाही. मॅक्सवेलने या जोडीचा वेग गणिताने काढला. तो प्रकाशाच्या मोजलेल्या वेगाशी जुळला. १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने म्हटलं की प्रकाश हीच अशी लहर असली पाहिजे.

जर्मनीत हाइन्रिख हर्ट्झ यांनी १८८७-८८च्या सुमारास या लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या. खोलीच्या एका बाजूला ठिणगी पाडली की दुसऱ्या बाजूच्या तारेच्या कड्यात बारीकशी ठिणगी उमटे, मध्ये तार नसताना. आणि आपले जगदीशचंद्र बोस? त्यांनी १८९५ साली कलकत्त्यात अशाच लहरींनी, मध्ये भिंती असताना, पलीकडची घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवली.

प्रकाश, रेडिओच्या लहरी, मोबाईलच्या लहरी, चुलीची धग जी हात लांब धरूनही लागते ती, क्ष-किरण, ही सगळी एकाच कुळातली मंडळी. पोकळीत सगळ्यांचा वेग एकच, सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर. फरक फक्त लहरीच्या लांबीचा.

ही लांबी तुम्ही ऐकलेली आहे बरं का. जुन्या श्रोत्यांना आठवत असेल, निवेदक सांगायचे, अमुक मीटरवर म्हणजेच अमुक किलोहर्ट्झवर हे केंद्र आहे. मला वाटे, मीटर म्हणजे केंद्राचं अंतर किंवा खांबाची उंची असेल. ते मीटर म्हणजे एका लहरीची लांबी आणि किलोहर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला किती हजार लहरी निघतात तो आकडा. ३०० मीटर असेल तर १००० किलोहर्ट्झ. १००० किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख लहरी. दहा लाख गुणिले ३०० मीटर करून पाहा. तीस कोटी मीटर, म्हणजे तीन लाख किलोमीटर. कोणत्याही केंद्राचे दोन आकडे घ्या, गुणाकार तोच येतो. लहानपणी आम्ही रोज प्रकाशाचा वेग ऐकत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता.

आता माझ्या आवाजाचा प्रवास बघू. माझ्या तोंडून निघालेली लहर यांत्रिक. ती हातभर जाते आणि माइकमधल्या पातळ पडद्याला हलवते. पडद्याच्या हालचालीबरहुकूम तारेत वीज कमीजास्त होते. इथे माझा आवाज संपला. सर म्हणाले होते तसा तो स्टुडिओतच विरला. पुढे ही कमीजास्त होणारी वीज प्रक्षेपकाकडे जाते. तिथल्या रेडिओलहरीवर तिचा ठसा उमटवला जातो आणि ती लहर मनोऱ्यावरून निघते. डोंगरावरून येते ती ही. तिला आवाज नाही. तुमच्या घरात, तुमच्या अंगावरून, या क्षणी कितीतरी केंद्रांच्या लहरी जात आहेत आणि घर शांत आहे. तुमचा रेडिओ त्यातली एक निवडतो, तिच्यावरचा ठसा उतरवून घेतो आणि स्पीकरचा पडदा हलवतो. पडदा हवेला धक्का देतो. म्हणजे तुम्ही ऐकता ती लहर तुमच्याच खोलीतल्या हवेत जन्मलेली असते. ठसा माझा, हवा तुमची.

मी नुसता ओरडून लातूरहून मुंबईला बोलू शकलो असतो, तर सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर जायला माझ्या आवाजाला एकोणीस-वीस मिनिटं लागली असती. रेडिओलहर तेवढं अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोड्या जास्त वेळात कापते.

हे ऐकून वाटेल की विद्युतचुंबकीय लहर श्रेष्ठ आणि बिचारा आवाज कनिष्ठ. तसं नाही. पोलादी लिफ्टचं दार लागलं की मोबाईलची रेंज जाते, पण दारावर कोणी ठोकलं तर आत ऐकू येतं. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात नेहमीच्या रेडिओलहरी लगेच मरतात, प्रकाशही खोल जात नाही. आवाज मात्र मैलोगणती जातो. म्हणून पाणबुड्या सोनार वापरतात, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीने अंदाज घेतात.

आपल्या घरातलं उदाहरण सोनोग्राफीचं. माझी मुलगी बाळंतपणाला आली होती तेव्हा बायको धास्तावली होती, "पोटातल्या बाळाला किरणं लागतील." मीही गप्प होतो, कारण मलाही माहीत नव्हतं. सरांनी सांगितलं, सोनोग्राफीत किरणं नसतातच. तो आवाज असतो, आपल्या कानाला ऐकू न येणारा. आपला कान सेकंदाला २० ते २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. सोनोग्राफीत ती लाखोंच्या घरात असतात. हा आवाज शरीरात जातो, अवयवांवरून परततो आणि त्या परतीवरून चित्र तयार होतं. क्ष-किरण मात्र विद्युतचुंबकीय कुळातले, फार आखूड लांबीचे आणि जोरकस. शरीरातल्या पेशींना ते इजा करू शकतात. म्हणून गरोदरपणी त्यांच्याबाबत डॉक्टर जपून असतात.

आणि सोनोग्राफीआधी पोटावर ते गार, चिकट जेल का लावतात? यंत्र आणि कातडी यांत हवेचा पातळ थर राहिला तरी आवाज आत शिरत नाही, सगळा तिथूनच मागे फिरतो. एका प्रकारच्या शेजाऱ्याकडून अगदीच वेगळ्या शेजाऱ्याकडे जाताना आवाज अडतो. हवेतून घन वस्तूत किंवा घन वस्तूतून हवेत शिरणं त्याला जड जातं. इथली दुहेरी काच त्याचसाठी आहे. हवा, काच, हवा, काच, हवा. दर उंबऱ्यावर आवाज थोडा मरतो. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, मला पुढे ती लागणार आहे.

जमिनीतूनही यांत्रिक लहरी जातात. चंद्रावर हवा नाही, तिथे हाक मारून उपयोग नाही. पण चंद्राच्या जमिनीला कान लावता येतो. २०२३च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ उतरलं, त्याच्या विक्रम लँडरवर असं एक कंपन टिपणारं यंत्र होतं. प्रज्ञान गाडी फिरताना होणारी थरथर त्याने टिपली. ती नोंद आपल्यापर्यंत आली मात्र रेडिओलहरीवर.

आणि आता मला ते सांगायचं आहे ज्याच्यासाठी हा विषय मी घेतला.

१९९३ साल. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. लातुरात मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या होत्या. मी बावीस वर्षांचा, नुकताच बी.ए. झालेलो. मिरवणूक बघून येऊन झोपलो होतो. माझ्या दादीला रात्रीच्या शेवटच्या प्रहरी उठून नमाज पढायची सवय. तिला कानाने फार कमी ऐकू यायचं. पहाटे चारला चार मिनिटं कमी होती. ती सजद्यात होती, कपाळ आणि दोन्ही तळवे फरशीला टेकलेले. तिने डोकं उचललं आणि हाक मारली, "उठो रे बेटे, जमीन कुछ बोलरी!" आम्ही उठून बसतो न बसतो तोच भांडी घसरली, खाट हलली आणि सगळे अंगणात पळालो.

त्या वेळी वाटलं, दादीला गैबी इशारा झाला. आज कारण कळतं. भूकंपात जमिनीतून दोन मुख्य लहरी निघतात. पहिली पुढेमागे ढकलणारी, रांगेतल्या धक्क्यासारखी. ती खडकातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर जाते. दुसरी जमीन आडवी हलवणारी, तिचा वेग साडेतीन किलोमीटरच्या आसपास. नासधूस जास्त करते ती ही दुसरी. किल्लारी लातूरपासून सुमारे चाळीस किलोमीटर. पहिली लहर सात सेकंदांत आली असेल, दुसरी अकरा-बारा सेकंदांत. मधल्या चार-पाच सेकंदांत आम्ही झोपेत होतो आणि दादीचं कपाळ जमिनीला टेकलेलं होतं. आमचा कान हवेतली लहर ऐकतो. दादी जमिनीची लहर हाडाने ऐकत होती, मध्ये हवा नव्हती.

माझी खाला, म्हणजे मावशी, औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहायची. फोन लागेना. दिवस उजाडल्यावर आम्ही रेडिओला चिकटलो. गावांची नावं एकेक करून येत होती. अब्बांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "चल." मिळेल त्या वाहनाने, मग पायी, आम्ही दुपारी पोचलो. खालाचं घर म्हणजे दगडमातीचा ढिगारा झाला होता. आमच्याकडची जुनी घरं अशीच. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर लाकडावर मातीचा जाड थर दिलेलं माळवद. उन्हाळ्यात गार. त्या पहाटे तेच माळवद माणसांवर आलं. त्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली.

गावातली पोरं हातांनी दगड काढत होती. एकाने फटीत बॅटरी मारली. उजेड पहिल्या दगडापर्यंत गेला आणि थांबला. हाका मारल्या, उत्तर नाही. मग कोणीतरी वयस्क माणूस ओरडला, "सगळे गप बसा. कोणी हलू नका." त्याने ढिगाऱ्यातून वर आलेल्या एका तुळईला कान लावला. बराच वेळ तसाच राहिला. मग मला खुणेने बोलावलं. मीही कान लावला. टक, टक, टक. थांबून पुन्हा टक, टक, टक.

संध्याकाळी खालाला बाहेर काढलं. पाय मोडला होता. हातात तांब्या होता. खालू तिच्याजवळच होते, ते वाचले नाहीत.

पुढे कधीतरी तिने सांगितलं, "मैं हाकां मार मार के थक गई, कोई सुन्या नै. फिर तांब्या हात कू लग्या." तिच्या हाका का ऐकू आल्या नाहीत, हे मला सरांच्या ओसरीवर कळलं. हाक हवेतली. तिच्याभोवतीच्या जराशा पोकळीतून दगडात शिरताना ती अडत होती, परत फिरत होती. तांब्याचा ठोका थेट दगडाला बसत होता. दगडाने तो लाकडाला दिला, लाकडाने माझ्या कानाला. सोनोग्राफीतलं जेल आणि खालाचा तांब्या यांचं काम एकच, मधली हवा टाळणं. आपत्तीत काय करावं हे सांगणारेही आज हेच सांगतात. ढिगाऱ्याखाली अडकलात तर ओरडून दम घालवू नका, धूळ छातीत जाईल. भिंतीवर, नळावर, जे हाताला लागेल त्याने ठोका. आणि बाहेरच्यांनी अधूनमधून गप्प बसा.

दोन जातींच्या लहरींमधला फरक आज आणखी एका कामी येतो. जमिनीतली लहर सेकंदाला काही किलोमीटर चालते, रेडिओलहर तीन लाख. भूकंप दूर झाला असेल तर तिथल्या यंत्रांनी पहिली लहर टिपताच रेडिओने इशारा पुढे धाडता येतो. तो जमिनीच्या धक्क्याआधी पोचतो. मेक्सिको सिटीत १९८५च्या भूकंपात हजारो माणसं गेली. तो भूकंप झाला होता तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या किनाऱ्यालगत. १९९१ पासून त्या किनाऱ्यावर यंत्रं आहेत, आणि दूरच्या भूकंपात शहराला मिनिटभराच्या आसपास अवधी मिळू शकतो. जपानमध्ये २००७ पासून देशभर असा इशारा दिला जातो. आपल्याकडे उत्तराखंडात आयआयटी रुरकीने तयार केलेलं मोबाईल ॲप २०२१ साली सुरू झालं. मिनिट म्हणजे थोडं नाही. गॅस बंद होतो, लिफ्ट थांबते, मूल उचलून बाहेर येता येतं.

पण खोटी आशा देऊ नये. असा इशारा किल्लारीला मिळाला असता का? नाही. केंद्र पायाखालीच असेल तर पहिली आणि दुसरी लहर जवळजवळ बरोबरच येते. तिथे रेडिओची घाई कामाची नाही. तिथे वाचवते ती भिंत, नीट बांधलेली, कोपऱ्यांत सांधलेली, डोक्यावर मातीचं ओझं नसलेली. भिंतीसुद्धा शेजारी असतात. धक्का घेतात आणि पुढे देतात. कोणत्या भिंतीशेजारी निजायचं हे मात्र आपल्या हातात असतं, निदान असायला हवं.

सरांना मी उत्तर लिहिलं. लिहिलं की समजून घेतलं. कवितेत तरंग हा शब्द अजून वापरतो, पण आता लिहिताना क्षणभर थांबून स्वतःला विचारतो, हा कोणाच्या खांद्यावरून चालला आहे? शेजाऱ्याच्या, की स्वतःच्याच?

काचेपलीकडचे गृहस्थ बोट वर करून सांगताहेत की वेळ संपली. ऐकू आलं नाही, पण कळलं.